अल्लाहची घडण आणि माणसाची नजर



काही प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर फिक्हच्या ग्रंथात एका ओळीत सापडते, आणि तरीही विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. गेल्या शाबान महिन्यात असाच एक प्रश्न माझ्याकडे आला. असरच्या नमाजनंतर एक माता आपल्या मुलीला घेऊन आमच्या घरी आल्या. माझी पत्नी त्यांच्यापाशी बसली, मी दाराजवळ बसलो. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला, लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवणारी, कुरआनचे नित्य पठण करणारी. शिकवण्यांच्या पैशातून तिने दोन वर्षे बचत केली होती. त्या बचतीतून तिला आपल्या नाकपुड्या अरुंद करून घ्यायच्या होत्या. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीखही दिली होती. "मौलाना, हे जायज आहे का?" एवढेच तिने विचारले.

मी म्हणालो, "नाही, बेटी. केवळ सुंदर दिसण्यासाठी अल्लाहने दिलेली घडण बदलणे जायज नाही." एक आयत सांगितली, एक हदीस सांगितली. पाच मिनिटांत मसला संपला. आईचा चेहरा खुलला. "बघ, मी काय सांगत होते," असे त्या मुलीला म्हणाल्याही.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मौलाना, आणखी एक विचारते. राग मानू नका. माझ्या नाकाला ज्यांनी नावे ठेवली, त्यांच्याबद्दलची हदीस तुम्ही जुम्याला कधी सांगितली आहे का?" आणि पुढे जे बोलली ते मी आजही विसरू शकलेलो नाही. "मोहल्ल्यातल्या बायका माझ्या नकाबाचे कौतुक करतात. मी नकाब पर्द्यासाठी नाही घेत, नाक झाकण्यासाठी घेते."

त्या दोघी गेल्यावर मी माझ्या उत्तराचा पुन्हा विचार करू लागलो. उत्तर चुकीचे नव्हते. मात्र ते अपुरे होते. ते पुरे करण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो मी तुमच्यासमोर अशासाठी करतो आहे की त्या मुलीच्या प्रश्नाचा अर्धा भाग तुम्हाला आणि मला विचारलेला आहे.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी. नाकपुडी जेथे गालाला मिळते, तेथील कातडीची एक लहान पाचर कापून काढतात आणि कडा टाक्यांनी जोडतात. नाकपुडीचा घेर त्यामुळे लहान होतो. नाकाच्या इतर शस्त्रक्रियांच्या मानाने हे काम छोटे समजले जाते. मात्र कापून काढलेली कातडी परत लावता येत नाही. घेर प्रमाणाबाहेर लहान झाला तर श्वासाला अडथळा होतो, व्रण राहण्याची शक्यता असते, आणि बिघडलेले पूर्ववत करणे अवघड असते. वजू करताना ज्या नाकपुड्यांत आपण पाणी ओढतो, त्यांचे पहिले काम श्वास घेणे हे आहे, हे येथे एकदा नोंदवून पुढे जाऊ.

शरीअतने नाकाच्या उपचाराला हात लावू दिलेला नाही, असे कोणी समजू नये. उलट या बाबतीतली सर्वांत प्रसिद्ध हदीस नाकाचीच आहे. अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक इस्लामपूर्व काळात कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक करवून बसवले. पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक करवून घेण्यास सांगितले. ही घटना अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. पुरुषांना सोने वर्ज्य आहे हे आपण सर्व जाणतो. वर्ज्य असलेला धातू एका माणसाच्या चेहऱ्यासाठी खुला करण्यात आला. चेहऱ्याच्या प्रतिष्ठेला शरीअत किती महत्त्व देते, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

आपल्या पुण्याच्या परिसरातही अशीच एक घटना घडली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपू सुलतानच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याकडच्या एका कारागिराने, जो विटा घडवणाऱ्या कुंभार जातीतला होता, त्याच्या कपाळावरची कातडी खाली वळवून नवे नाक तयार केले. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम पाहिले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचा वृत्तांत चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये लंडनमध्ये ही पद्धत वापरली. युरोपातील नाकाच्या आधुनिक शस्त्रक्रियेला चालना देणाऱ्या त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. कावसजी आज जिवंत असता आणि त्याने फतवा विचारला असता, तर कोणत्याही मसलकच्या आलिमाने त्याला क्षणाचाही विलंब न लावता परवानगी दिली असती.

गमावलेले परत मिळवणे, जन्मजात फाटलेला ओठ किंवा अतिशय वाकडे नाक नीट करणे, अपघातात किंवा आगीत विद्रूप झालेला चेहरा पूर्ववत करणे, श्वासाचा अडथळा दूर करणे, ही सर्व उपचाराची कामे आहेत. इस्लामी सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे या विषयावर सविस्तर निर्णय दिला. त्यात या सर्वांना परवानगी आहे. ज्या विद्रूपतेमुळे माणसाला शारीरिक अथवा मानसिक पीडा होते, ती दूर करण्यासही आहे. मात्र सामान्य घडणीचा चेहरा किंवा नाक केवळ आवडीखातर, दुसऱ्या कुणासारखे दिसण्यासाठी बदलून घेण्यास त्या निर्णयाने मनाई केली आहे.

मनाईचा आधार सूरह अन-निसाच्या ११९ व्या आयतीत आहे. तेथे सैतानाची प्रतिज्ञा सांगितली आहे, की तो माणसांना बहकवील आणि अल्लाहने घडवलेल्या रूपात बदल करण्यास फर्मावील. दुसरा आधार अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची हदीस, जी बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. गोंदणाऱ्या व गोंदवून घेणाऱ्या, चेहऱ्यावरचे केस उपटवून घेणाऱ्या, आणि सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांवर तीत लानत आहे, आणि कारणही त्यातच दिलेले आहे: अल्लाहच्या घडणीत बदल. इमाम नववी (रह.) यांनी 'सौंदर्यासाठी' या शब्दाकडे लक्ष वेधले आहे. दाताला दोष असेल किंवा उपचाराची गरज असेल तर हरकत नाही, असे ते म्हणतात. याहून कडक मतही आहे. इमाम तबरी (रह.) यांनी पीडा देत नसलेला अधिकचा दातसुद्धा काढण्यास नकार दिला. आणि याहून सौम्य मतही आहे. विसाव्या शतकातील ट्युनिशियाचे आलिम इब्न आशूर (रह.) यांच्या मते ही मनाई त्या काळच्या बदचलन स्त्रियांच्या विशिष्ट खुणांशी जोडलेली असावी. बहुसंख्य आलिमांनी हे मत स्वीकारलेले नाही, मीही स्वीकारत नाही. पण ते आहे, आणि वाचकापासून ते लपवणे मला योग्य वाटत नाही.

त्या मुलीने येथे एक हुशारीची शंका काढली होती. "मग नाक टोचण्याचे काय? नथीसाठी मला आठव्या वर्षी टोचले तेव्हा कुणी घडण बदलल्याची हदीस काढली नाही." शंका रास्त आहे. पैगंबरांच्या (स.) काळात स्त्रियांचे कान टोचलेले असत. ईदच्या दिवशी त्यांनी कानातली आभूषणे काढून हजरत बिलाल (रजि.) यांच्या पसरलेल्या कपड्यात दान म्हणून टाकली, ही हदीस प्रसिद्धच आहे. हनफी फकीह इब्न आबिदीन (रह.) यांनी, ज्या प्रदेशात नाकात दागिना घालण्याचा रिवाज आहे तेथे नाक टोचणे कान टोचण्यासारखेच धरले. भेद असा की टोचलेले नाक जसे आहे तसे स्वीकारून आपण त्याला दागिना चढवतो. नाकपुडी कापताना आपण तिला आधी दोषी ठरवतो. हे उत्तर तिला पटले की नाही हे मला सांगता येणार नाही. ती फक्त "हं" म्हणाली.

आता खरी अडचण. परवानगी आणि मनाई यांच्यामधली रेषा 'दोष' या शब्दावर उभी आहे. सामान्य घडणीत बदल नको, दोष दूर करता येतो. पण दोष कोणी ठरवायचा?

मी मराठी साहित्य घेऊन बी. ए. केले आहे, म्हणून हा प्रश्न मी आधी भाषेलाच विचारून पाहिला. मराठीत नाक म्हणजे अब्रू. ते कापले जाते, ते वर राहते, ते मुरडले जाते. सुंदर नाक चाफेकळी असते. आणि जे तसे नसते त्यासाठी आपल्याकडे शब्दांची रास आहे: नकटे, बसके, चपटे, फेंदारलेले, फताडे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, ही म्हण तर शाळकरी मुलालाही पाठ असते. अडचणींची मालिका सांगताना आपण ती वापरतो, आणि जिच्यावरून ती निघाली त्या मुलीचा विचारही मनात येत नाही. मी स्वतः ती वर्षानुवर्षे वापरली आहे. एकदा बयानातही वापरली असावी. आपल्या घरांतून बोलली जाणारी दखनीही या बाबतीत मराठीहून काही कमी नाही.

भाषेच्या या निवाड्याला इंग्रजी राजवटीत शास्त्राचा वेश मिळाला. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने हिंदुस्थानातील लोकांची नाके मोजून घेतली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून काढलेला आकडा त्याने जातींना लावला, आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली आपल्या ग्रंथात हा सिद्धान्त तपासला आणि देशाच्या बहुतेक भागांत तो टिकत नसल्याचे दाखवले. पुढे १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच मोजमापांचा आधार घेऊन, अस्पृश्यता वंशभेदातून आली हा समज खोडून काढला. सिद्धान्त मोडला, परंतु नजर राहिली. आपल्यापैकी जो कोणी वधूचे छायाचित्र हातात घेऊन "रंग ठीक आहे, पण नाक जरा..." असे म्हणतो, तो आपल्या नकळत रिस्लेचीच पट्टी धरून बसलेला असतो. आणि ज्या दीनमध्ये वंश, वर्ण आणि जात यांच्या श्रेष्ठत्वाला जागा नाही, त्या दीनचा तो अनुयायी असतो.

नाकपुड्या कापून अरुंद करण्याची रीतही याच काळातली. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट वीअर या शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिला आजही त्याच्या नावाने ओळखतात. त्यानंतर सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, बर्लिनमध्ये जॅक जोसेफ याने निरोगी नाक लहान करण्याची शस्त्रक्रिया केली. जोसेफ स्वतः यहुदी होता. त्याच्याकडे येणाऱ्यांत असे अनेक यहुदी होते की ज्यांना अधिक सुंदर दिसायचे नव्हते. रस्त्यातून जाताना कुणाच्या नजरेत भरू नये, एवढेच त्यांना हवे होते. ज्या समाजाने त्यांच्या नाकाची व्यंगचित्रे काढली, त्याच समाजात निमूटपणे मिसळून जाण्याची ती किंमत होती. पुढील काळात त्या देशात यहुद्यांचे काय झाले हे जगाला माहीत आहे. नाक बदलल्याने द्वेष बदलला नाही.

यावर कोणी म्हणेल, की मोठ्या इतिहासाचे ओझे एका मुलीच्या नाकावर कशाला? मला तर वाटते की ते ओझे तिच्या नाकावर आधीच आहे. मी फक्त ते मोजून दाखवतो आहे. सूरह अर-रूममध्ये माणसांच्या भाषांची आणि वर्णांची विविधता अल्लाहच्या निशाण्यांमध्ये गणली आहे. नाकाच्या आकारातही अशीच एक निशाणी दडलेली आहे. नाकपुड्यांची रुंदी आणि पूर्वजांच्या प्रदेशातील हवामान यांचा संबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिला. थंड व कोरड्या प्रदेशात फुप्फुसांपर्यंत पोहोचण्याआधी हवा उबदार व ओलसर व्हावी लागते. तेथे अरुंद नाक उपयोगी पडते. उष्ण व दमट प्रदेशात त्याची तितकी गरज नसते. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या आणि दख्खनच्या माणसांत रुंद नाकपुड्या आढळणे यात उणीव कसलीही नाही. आलिम ज्याला 'सामान्य घडण' म्हणतात, ती आपल्याकडे अशीही आहे. तिला दोष म्हणायचे तर अर्ध्या जमातीला दोषी म्हणावे लागेल.

एक गोष्ट येथेच सांगतो, कारण तरुण वाचकांच्या ती कामाची आहे. त्या मुलीने आपल्या फोनवरचे एक छायाचित्र माझ्या पत्नीला दाखवले होते, नाक किती रुंद आहे ते पटावे म्हणून. फोन चेहऱ्यापासून सुमारे एक फुटावर धरून काढलेल्या छायाचित्रात नाकाचा पाया, पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या मानाने, सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसतो, असे २०१८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी गणिताने मांडून दाखवले आहे. भिंगाच्या जवळ असलेली वस्तू मोठी दिसते, इतके साधे कारण. तेव्हा मुलींनो, आणि मुलांनोही, आपल्या हाताच्या अंतरावरून काढलेल्या चित्राची साक्ष आपल्याविरुद्ध ग्राह्य धरू नका.

पण मानसिक पीडेचे काय? पुत्रजायाच्या निर्णयात तिला जागा आहे, आणि मी तिला क्षुल्लक मानत नाही. चार वर्षे आरशाकडे न पाहणारी, लग्नसमारंभात भिंतीकडे तोंड करून बसणारी मुलगी पीडित नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? येथे मी वाचकाला दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगतो. चेहऱ्यातल्या लहानशा, इतरांच्या ध्यानातही न येणाऱ्या गोष्टीची चिंता काही माणसांना दिवसभर सोडत नाही. डॉक्टर याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर या नावाचा आजार मानतात, आणि शस्त्रक्रियेने तो बहुधा शमत नाही. चिंता एका अवयवावरून दुसऱ्यावर जाते. अशा वेळी मनाच्या डॉक्टरकडे जाणे हाच उपचार आहे, आणि उपचार घेणे सुन्नत आहे. दुसरी पीडा आजाराची नाही. ती बाहेरून लादलेली असते. पीडा दूर केली पाहिजे हा फिक्हचा पायाभूत नियम आहे. मात्र कोणी आपल्या दारावर रोज दगड मारत असेल, तर दाराची जागा बदलणे हा त्या नियमाचा अर्थ होत नाही. आधी दगड मारणाऱ्याचा हात धरावा लागतो. मुफ्तीने पीडेची चौकशी करायची तर ती अशी पूर्ण करावी: पीडा कोठे आहे एवढेच विचारून थांबू नये, ती कोण देत आहे हेही विचारावे.

मुलीने सांगितलेली नावे मी येथे लिहिणार नाही. एक चाची, दोन शेजारणी, आणि तिला पाहायला आलेली दोन स्थळे. दुसऱ्या स्थळाच्या बाईंनी जाताना आईला हळूच सांगितले होते, "आजकाल हे सगळे दुरुस्त होते." म्हणजे शस्त्रक्रियेची कल्पना मुलीची नव्हतीच.

त्या रात्री मी हे सारे पत्नीपाशी बोलत होतो. बायकांच्या जिभेविषयी, मी जुम्याला काय सांगणार आहे त्याविषयी. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "धाकट्या भाऊजींसाठी मागे फोटो आला होता, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता ते आठवते का?" मला आठवले. मी फोटो पाहिला होता आणि म्हणालो होतो, "दीनदार दिसते आहे, पण नाक जरा बसके वाटते." स्थळ तेथेच संपले. त्या मुलीला कोणते कारण कळवले गेले, कोण जाणे. मी विचारलेही नव्हते.

अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या हदीसचा पुढचा भाग मला त्या वेळी आठवला, जो त्या संध्याकाळी मी सांगितला नव्हता. ती हदीस ऐकून बनू असद घराण्यातील उम्मे याकूब नावाची एक बाई त्यांच्याकडे आली. तिने कुरआन वाचलेले होते, आणि तिने त्यांना थेट विचारले की ही लानत तुम्ही कोठून आणली. त्यांनी तिला दरडावले नाही, पुरावा दिला. मग ती म्हणाली, की तुमच्या घरातही यातले काही चालते असे मला वाटते. त्यांनी सांगितले, आत जा आणि पाहा. ती आत गेली, तिला तसे काही आढळले नाही. हदीस सांगणाऱ्याचे घर असे तपासणीला खुले होते. त्या संध्याकाळी कोणी माझे घर तपासले असते, तर काय सापडले असते ते माझ्या पत्नीने सांगितलेच.

याच इब्न मसऊदांविषयी (रजि.) आणखी एक प्रसंग मुसनद अहमदमध्ये आहे. त्यांचे पाय अतिशय बारीक होते. एकदा ते झाडावर चढले असता वाऱ्याने वस्त्र हलले, पाय दिसले आणि लोक हसले. पैगंबरांनी (स.) हसण्याचे कारण विचारले, आणि सांगितले की कर्मांच्या तराजूत हे पाय उहुद पर्वताहून जड भरतील. पाहा, घडण बदलू नका असा निरोप आपल्यापर्यंत पोहोचवणारा माणूस कोण आहे? ज्याच्या घडणीला लोक हसले होते, तो. आणि त्या प्रसंगी पैगंबरांनी (स.) त्यांच्या पायांविषयी त्यांना काहीही करायला सांगितले नाही, ते बोलले हसणाऱ्यांशी. हजरत आयशा (रजि.) यांनी एकदा हजरत सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगणेपणाकडे नुसता निर्देश केला, तेव्हाही पैगंबरांनी (स.) सांगितले की हा शब्द समुद्रात मिसळला तर समुद्रालाही गढूळ करील. सूरह अल-हुजुरातच्या ११ व्या आयतीत खिल्ली उडवण्यास पुरुषांना मनाई केल्यावर स्त्रियांना वेगळी मनाई केलेली आहे, आणि वाईट नावाने हाक मारण्यासही. त्या मुलीने विचारलेली हदीस ही होती. मी बारा वर्षे जुम्याचे बयान करतो. गोंदवण्याविषयी, भुवयांविषयी मी अनेकदा बोललो आहे. या आयतीवर पूर्ण बयान एकदाही केलेले नव्हते.

माझे मत तेव्हा होते तेच आजही आहे. निरोगी, सामान्य घडणीच्या नाकपुड्या केवळ रूपासाठी कापून घेणे जायज नाही, असेच मी समजतो, आणि तिला तसेच पुन्हा कळवले आहे. परंतु हे उत्तर देण्याचा अधिकार मला किती, याविषयी मी पूर्वीइतका निःशंक राहिलेलो नाही. ज्यांनी जखम केली त्यांच्या रांगेत उभे राहून जखमेवर पट्टी बांधू नको असे सांगणारा मुफ्ती मला परका वाटत नाही; तो मीच आहे. म्हणून मी तिच्या आईला वेगळी गोष्ट सांगितली. मुलीला समजावण्याआधी चाचीला समजवा, तेही मुलीच्या समोर. आणि जे स्थळ दुरुस्तीची भाषा बोलते, त्याला मुलीच्या वतीने तुम्हीच नकार द्या, तिच्या नाकाने नकार मिळायची वाट पाहू नका.

पुढच्या जुम्याला मी सूरह अल-हुजुरातवर बोललो. माझ्या भावाच्या स्थळाची गोष्टही सांगितली, त्या मुलीची ओळख लागणार नाही अशी काळजी घेऊन. नमाजनंतर एक बुजुर्ग भेटले. म्हणाले, "मौलाना, मिंबरवर नाकाचा विषय शोभत नाही." मी म्हणालो, "चाचाजी, सजद्यात कपाळाबरोबर नाकही जमिनीला टेकते." ते हसले, पण त्यांना पटलेले नाही हे मला दिसत होते.

मुलीने शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली आहे. रद्द केलेली नाही. पैसे बँकेतच आहेत. आईने चाचीला घरी बोलावून मुलीच्या समोर तो विषय काढला. चाची म्हणाल्या, "मी तर लाडाने म्हणायचे." त्यानंतर त्या महिनाभर आल्या नाहीत. रमजानमध्ये एके दिवशी इफ्तारच्या आधी त्यांनी मुलाच्या हाती भज्यांचे ताट पाठवले. मुलीने ताट घेतले, धुऊन त्यात खजूर घातले आणि परत पाठवले. दोघींचे बोलणे अजून सुरू झालेले नाही.